वाचकांचे प्रश्न : काळ्या समुद्रात खारं पाणी शिरलं तेव्हा

शेवटचं हिमयुग ओसरताना जगभरचे समुद्र सुमारे 120 मीटर वर चढले. चढता चढता ते अरुंद सामुद्रधुन्यांमधून पलीकडच्या सरोवरांना जाऊन भिडले. भूमध्य समुद्र, मार्माराचा समुद्र आणि काळा समुद्र या साखळीबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत ‘इतक्या वर्षांपूर्वी’ म्हटलं आहे तिथे ती दुरुस्त केलेली, म्हणजे कॅलेंडरशी जुळणारी वर्षं आहेत. कच्ची कार्बन-वर्षं (अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली, पण दुरुस्त न केलेली) जिथे आली, तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचं पाणी एका दिशेने आणि खालचं उलट दिशेने वाहतं, असं वाचलं. एकाच नळीत दोन दिशा कशा?

वरच्या आणि खालच्या पाण्यावर वेगवेगळे दाब काम करतात म्हणून. डॅन्यूब, नीपर, नीस्टर, डॉन अशा मोठ्या नद्या काळ्या समुद्रात येतात, त्यामुळे त्याची पातळी मार्मारापेक्षा साधारण 30 सेंटिमीटर उंच राहते. पृष्ठभागाजवळ एवढा उतार पुरेसा असतो, आणि वरचं पाणी दक्षिणेकडे धावतं. पण काळ्या समुद्राच्या वरच्या पाण्यात किलोला 17 ते 18 ग्रॅम मीठ असतं आणि भूमध्य समुद्राच्या पाण्यात 38 ते 39 ग्रॅम. त्यामुळे पहिल्याचं वजन घनमीटरला सुमारे 1,013 किलो आणि दुसऱ्याचं 1,028 किलो भरतं.

आता हिशेब करा. 30 सेंटिमीटर जास्तीच्या पाण्याचा भार चौरस मीटरला साधारण 300 किलो. खाऱ्या बाजूचं पाणी दर मीटर खोलीला 15 किलोने जड. 300 भागिले 15 म्हणजे 20. पृष्ठभागापासून 20 मीटरवर दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतात; त्याच्या वर उत्तरेकडचा दाब जास्त, खाली दक्षिणेकडचा. प्रत्यक्षात मार्मारावरही 20 ते 25 मीटरचा कमी खारा थर पसरलेला असतो, म्हणून सीमा इतकी सरळ नसते. सामुद्रधुनीच्या उत्तर टोकाला ती सुमारे 50 मीटर खोल, तर दक्षिण टोकाकडे 15 मीटरच्या आसपास सापडते. तत्त्व मात्र हेच.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते लुइजी फर्दिनांदो मार्सिली या विशी ओलांडलेल्या इटालियन तरुणाने, आणि त्यावरचं पुस्तक 1681 मध्ये रोममध्ये छापलं. पांढरा रंग दिलेले बुचाचे तुकडे बांधलेली दोरी त्याने होडीतून खाली सोडली. वरचे तुकडे एका बाजूला झुकले, ठराविक खोलीनंतरचे दुसऱ्या बाजूला. तिथल्या कोळ्यांना हा खालचा प्रवाह आधीपासून ठाऊक होता. मार्सिलीचं खरं काम त्यापुढचं आहे : त्याने दोन्ही पाण्यांची घनता मोजली आणि पेटीत प्रयोग करून कारण दाखवलं. तो प्रयोग पुढे दिला आहे.

प्रश्न : दर वर्षी किती पाणी इकडून तिकडे जातं? आणि एवढ्या खोल प्रवाहाचं वर्षभर मोजमाप कोण करतं?

प्रवाहमापक यंत्रं आता तळाशी ठेवली जातात, पण ढोबळ उत्तर यंत्राशिवायही निघतं. त्यासाठी डेन्मार्कचे मार्टिन क्नुडसेन यांनी 1900 साली मांडलेले दोन जमाखर्च पुरतात. पहिला पाण्याचा : बाहेर जाणारं वजा आत येणारं म्हणजे नद्यांचं आणि पावसाचं मिळून उरलेलं पाणी. काळ्या समुद्राला नद्यांतून वर्षाला सुमारे 350 घन किलोमीटर मिळतं, पावसातून 300, आणि सुमारे 350 वाफ होऊन जातं. उरलं 300. दुसरा जमाखर्च मिठाचा : समुद्राची क्षारता वर्षानुवर्षं तीच राहत असेल, तर जितकं मीठ आत येतं तितकंच बाहेर गेलं पाहिजे. बाहेर जाणारं पाणी 18 ग्रॅमचं आणि आत येणारं, वाटेत थोडं मिसळून, 36 ग्रॅमचं धरलं, तर बाहेरचा प्रवाह आतल्याच्या बरोबर दुप्पट असायला हवा. दुप्पट आणि एकपट यांतला फरक 300 असेल तर आत 300 घन किलोमीटर, बाहेर 600. मोजमापांतून येणारे आकडेही याच्याच आसपास आहेत.

ही रीत प्राचीन काळाला लावताना एक अट विसरली जाते. मिठाचा जमाखर्च जुळतो तो समुद्र स्थिरावल्यावरच. ज्या शतकांत क्षारता वाढत होती, त्या शतकांना हे सूत्र जसंच्या तसं लावलं तर उत्तर चुकणारच.

प्रश्न : हिमयुगात या तिन्ही समुद्रांची स्थिती काय होती?

मधले दोन उंबरे लक्षात ठेवले की चित्र स्पष्ट होतं. सामुद्रधुनीतला सर्वांत उथळ आडवा भाग, ज्यावरून पाण्याला जावंच लागतं, त्याला इथे उंबरा म्हणू. भूमध्य समुद्र आणि मार्मारा यांच्यामध्ये डार्डनेल्स आहे, लांबी सुमारे 60 किलोमीटर, उंबरा आज 65 ते 70 मीटर खोल. मार्मारा आणि काळा समुद्र यांच्यामध्ये बॉस्फरस, लांबी सुमारे 30 किलोमीटर, सर्वांत अरुंद जागी रुंदी 700 मीटर, दक्षिणेकडचा उंबरा सुमारे 35 मीटर.

21,000 वर्षांपूर्वी जगाची समुद्रपातळी आजच्यापेक्षा 120 मीटरहून अधिक खाली होती, म्हणजे दोन्ही उंबरे उघडे पडलेले. मार्मारा हे सरोवर होतं आणि काळा समुद्रही. दोन्हींत गोडसर, फार तर मचूळ पाणी. पुढे बर्फ वितळू लागलं तेव्हा उत्तरेकडच्या हिमथराचं पाणी नद्यांतून काळ्या सरोवरात आलं. कॅस्पियनची पातळी चढली तेव्हा त्याचं जास्तीचं पाणीही मानिच खोऱ्यातून इकडे वळलं. त्या काळात काळं सरोवर भरून मार्माराकडे आणि तिथून पुढे वाहत होतं.

सुमारे 12,000 वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र डार्डनेल्सच्या उंबऱ्यावरून आत आला आणि मार्मारा खारा झाला. बॉस्फरसचा उंबरा त्याहून उंच, म्हणून तिथली पाळी उशिरा, साधारण 9,000 ते 9,500 वर्षांपूर्वी आली. इथून पुढे वाद सुरू होतात.

प्रश्न : मग तो प्रसिद्ध महापूर खरा की खोटा? धबधब्यासारखं पाणी कोसळून किनाऱ्यावरची गावं बुडाली, असं सांगतात.

विल्यम रायन, वॉल्टर पिटमन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये हे मत मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : थंड कोरड्या काळात बाष्पीभवन वाढलं, काळ्या सरोवराची पातळी आजच्या समुद्रपातळीखाली 140-150 मीटरपर्यंत उतरली, मग 7,150 कार्बन-वर्षांपूर्वी मार्माराचं पाणी बॉस्फरस फोडून आत कोसळलं, दिवसाला 50 घन किलोमीटर या वेगाने. सुमारे एक लाख चौरस किलोमीटर उथळ किनारपट्टी पाण्याखाली गेली.

आकडे आपापसांत जुळतात का, ते आधी बघू. सरोवराचा विस्तार तेव्हा साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या घरात धरला, तर रोज 50 घन किलोमीटरने पातळी दिवसाला 14-15 सेंटिमीटर चढते. 2,000 मीटरला 1 मीटर उतार असलेल्या सपाट किनाऱ्यावर पाण्याची कड रोज 300 मीटर आत सरकणार. शंभर मीटर भरायला दोन वर्षं. सेकंदाला हिशेब केला तर प्रवाह 5,80,000 घनमीटर, म्हणजे आज बॉस्फरसमधून निव्वळ बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या साठपट. अशक्य काहीच नाही. म्हणून निर्णय गणितावर होत नाही, तो गाळावर होतो.

पुराच्या बाजूचा पुरावा असा : आज 100 मीटरहून खोल असलेल्या तळावर झीज झालेला पृष्ठभाग, उन्हाने तडकलेली माती, वाळूच्या टेकड्यांसारखे आकार, आणि त्या सगळ्यावर एकसारख्या जाडीचं समुद्री गाळाचं पांघरूण. पाणी हळूहळू चढलं असतं तर लाटांनी प्रत्येक पातळीवर टेकड्या घासून सपाट केल्या असत्या, हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे.

विरुद्ध बाजूला अली अक्सू, रिचर्ड हिस्कॉट आणि सहकारी आहेत. बॉस्फरसच्या दक्षिण मुखाबाहेर, मार्माराच्या तळावर, त्रिभुज प्रदेशासारखा गाळाचा एक ढीग आहे. तो उत्तरेकडून वाहत आलेल्या पाण्याने रचला आणि त्याचं वय दहा हजार वर्षांच्या आसपास, असं ते म्हणतात. म्हणजे त्या वेळी काळं सरोवर भरलेलं होतं आणि बाहेर वाहत होतं. रिकाम्या भांड्यात पूर कोसळण्याचा प्रश्नच नाही. त्यावर आक्षेप असा की तो ढीग बॉस्फरसने आणलेलाच नाही, शेजारच्या कुरबालीदेरे या ओढ्याने आणला. एका ओढ्यावर केवढी मदार!

तिसरी बाजू डॅन्यूबच्या मुखाची. लिव्हिउ जोसान आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तिथल्या गाळावरून दाखवलं की जोडणीच्या आधी सरोवराची पातळी आजच्या खाली फक्त 30 मीटरच्या आसपास होती. असं असेल तर पाणी चढलं ते पाच-दहा मीटर.

आमचा कल या तिसऱ्या बाजूकडे आहे. सरोवर कधीतरी फार खाली गेलं होतं, हे उथळ तळाच्या पुराव्यावरून मान्य करायला हरकत नाही. पण ते नेमकं जोडणीच्या क्षणी तितकं खाली होतं, हे सिद्ध झालेलं नाही. दोन घटनांमध्ये हजार-दोन हजार वर्षं गेली असतील तर सरोवर पुन्हा भरायला तेवढा काळ पुष्कळ झाला. नोहाच्या किंवा गिल्गामेशच्या महापुराच्या कथेशी याची सांगड घालण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण तळातल्या गाळाला त्या कथा माहीत नाहीत.

प्रश्न : समुद्र उंबऱ्याला लागला, त्या दिवसापासूनच दुहेरी प्रवाह सुरू झाला असेल ना?

नाही. जोडणी ही एक घटना आणि देवाणघेवाण ही दुसरी. तारखांवरून जे वाद चालतात, त्यातले निम्मे या दोन्ही एकच मानल्यामुळे होतात.

सरोवर भरलेलं आहे आणि बाहेर वाहतं आहे, असं धरा. समुद्र चढून उंबऱ्यावर मीटर-दोन मीटर आला तरी बाहेर जाणारं पाणी सगळी वाट अडवून असतं. खाऱ्या पाण्याला तळातून शिरायचं तर त्याची जीभ ज्या वेगाने पुढे सरकू शकते, तो वेग समोरून येणाऱ्या प्रवाहापेक्षा जास्त हवा. जिभेचा वेग घनतेच्या फरकावर आणि पाण्याच्या खोलीवर ठरतो : गुरुत्वाचा 9.8 हा आकडा घ्यायचा, त्याला घनतेच्या सापेक्ष फरकाने गुणायचं (15 भागिले 1,013), येतं 0.145, त्याला खोलीने गुणून वर्गमूळ काढायचं.

आजचा निव्वळ प्रवाह, वर्षाला 300 घन किलोमीटर, सेकंदाला साधारण 9,500 घनमीटर होतो. वाट 700 मीटर रुंद आणि सोयीसाठी चौकोनी धरू.

उंबऱ्यावर 10 मीटर पाणी असेल तर वाटेचं क्षेत्रफळ 7,000 चौरस मीटर आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला 1.36 मीटर. जिभेचा वेग 1.2. खारं पाणी आत येऊच शकत नाही. 20 मीटरला बाहेरचा वेग 0.68 वर उतरतो आणि जिभेचा 1.7 वर चढतो. आता वाट मोकळी. आजच्या 35 मीटरला ते आकडे 0.39 आणि 2.25. अरुंद जागेच्या गणितात नुसतं ‘जास्त’ असून भागत नाही. बाहेरचा वेग जिभेच्या वेगाच्या साधारण निम्म्यावर यावा लागतो. त्या कसोटीने आजच्या नद्या धरल्या तर उंबऱ्यावर किमान 17 मीटरच्या आसपास पाणी लागतं. वितळत्या बर्फामुळे नद्यांचं पाणी दुप्पट धरलं तर तीच खोली 25 मीटरच्या पुढे जाते. सरोवर अगदी गोडं होतं असं मानलं तर घनतेचा फरक वाढतो आणि ही खोली तीन-चार मीटरने कमी होते.

त्या काळात समुद्र शतकाला साधारण एक ते दीड मीटर चढत होता. म्हणजे पाणी उंबऱ्याला टेकण्यापासून खाऱ्या पाण्याची पहिली टिकाऊ धार आत जाईपर्यंत हजार वर्षंही सहज गेली असतील. मधल्या काळात वारा जोराने दक्षिणेकडून वाहिला की काही दिवस खारं पाणी ढकललं जाई आणि पुन्हा बाहेर लोटलं जाई. गाळात अशा वेळी मचूळ आणि समुद्री जीवांची सरमिसळ दिसते. पुष्कळदा ती नमुना खराब झाल्याचं लक्षण समजून बाजूला टाकली जाते. तसं करण्याआधी ही शक्यता तपासावी.

गणितात दोन ठिकाणी फसगत होते. एक, वाट चौकोनी नाही. तळाकडे ती निमुळती आहे आणि घर्षणही आहे, म्हणून खरी खोली इथल्या आकड्यांपेक्षा जास्तच लागेल. दोन, आजचा 35 मीटरचा उंबरा तेव्हाही तिथेच होता असं गृहीत धरलं जातं. बॉस्फरसचा तळ बराचसा गाळाचा आहे, खडक त्याखाली आणखी खोल आहे. गाळ कधी साचला आणि प्रवाहाने कधी खरवडून नेला, यावर उंबऱ्याची त्या वेळची उंची अवलंबून. जोडणीची तारीख जागतिक समुद्रपातळीच्या आलेखावर 35 मीटरची रेघ मारून काढणं म्हणूनच धोक्याचं.

प्रश्न : एवढा मोठा समुद्र खारा व्हायला किती काळ लागला?

काळ्या समुद्राचं आकारमान सुमारे 5,47,000 घन किलोमीटर आणि खोल पाण्याची क्षारता किलोला 22.3 ग्रॅम. आजच्या वेगाने 36 ग्रॅमचं पाणी वर्षाला 300 घन किलोमीटर आत आलं आणि मीठ जराही बाहेर गेलं नाही, तरी सुमारे 1,100 वर्षं लागतील. मीठ बाहेर जातच होतं आणि सुरुवातीची धार आजच्याहून बारीक होती, म्हणून खरा काळ याहून बराच मोठा.

इथे बारकावा असा की जड पाणी तळाशी आधी साठतं. वरचा थर गोडसर आणि हलका, खालचा खारा आणि जड, त्यामुळे हिवाळ्यातसुद्धा वरचं पाणी खाली बुडत नाही आणि प्राणवायू खाली पोचत नाही. वरून पडणारं सेंद्रिय द्रव्य कुजताना उरलेला प्राणवायू संपतो, मग जिवाणू पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आज 150 ते 200 मीटरच्या खाली सगळीकडे तोच आहे, समुद्राच्या जवळपास नव्वद टक्के पाण्यात. खोल तळावरच्या गाळात याची नोंद स्वच्छ आहे : सरोवराच्या काळातली फिकट चिकणमाती, तिच्यावर साडेसात ते आठ हजार वर्षांपूर्वी सुरू होणारा सॅप्रोपेल नावाचा काळा सेंद्रिय गाळ, आणि सर्वांत वर सुमारे 2,700 वर्षांपूर्वीपासूनचे चुनखडीचे पांढरे पातळ पदर. शेवटचे पदर एमिलियानिया हक्सलेयी या सूक्ष्म शैवालाचे. वरचं पाणी पुरेसं खारं झाल्यावरच ते इथे रुजलं.

जोडणी आणि काळा गाळ यांच्यातलं हजाराहून अधिक वर्षांचं अंतर वरच्या हिशेबाशी जुळतं, हे लक्षात आलं असेलच.

प्रश्न : आत शिरणारं पाणी 36 ग्रॅमचं, मग खोल पाणी फक्त 22 ग्रॅमचं का?

वाटेत मिसळतं म्हणून. बॉस्फरसमधून निघालेलं पाणी उत्तरेकडच्या उथळ तळावरच्या एका घळीतून वाहत जातं आणि वरचं पाणी ओढून घेत पातळ होतं. 18 आणि 36 मिसळून 22.3 करायचं तर एक भाग भूमध्याचं आणि तीन भाग काळ्या समुद्राचं वरचं पाणी लागतं.

प्रश्न : हजारो वर्षांपूर्वी पाणी कुठल्या दिशेने वाहत होतं, हे गाळ बघून कसं कळतं? कार्बन तारखांवर किती विश्वास ठेवावा?

तळातून गाळाची उभी कांडी काढतात आणि सेंटिमीटर सेंटिमीटरने तिचा तपास करतात. पहिली खूण शिंपल्यांची. ड्राइसेना हा गोड्या-मचूळ पाण्यातला शिंपला नाहीसा होऊन मिटिलस किंवा कार्डियमसारखे समुद्री शिंपले दिसू लागले की खारं पाणी आलं. पण शिंपले फक्त क्षारता सांगतात, दिशा नाही. दिशेसाठी गाळाच्या रचनेचे उतार आणि तळावरच्या लाटा-खुणा बघतात. दुसरी खूण स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची : 87 आणि 86 यांचं प्रमाण सगळ्या महासागरांत एकच, 0.7092, तर नद्यांनी भरलेल्या काळ्या सरोवरात ते किंचित कमी होतं. स्ट्रॉन्शियमवर तापमानाचा परिणाम जवळपास होत नाही. प्राणवायूच्या समस्थानिकांवर होतो. म्हणून दोन्ही एकत्र मोजावेत.

तारखांत तीन चुका नेहमी होतात. समुद्री जीव खोल, जुन्या पाण्यातला कार्बन घेतात, त्यामुळे त्यांची तारीख सरासरी 400 वर्षांनी जुनी येते. सरोवरात हा फरक वेगळाच असतो, कारण नद्या चुनखडीतला मृत (किरणोत्सार कधीच संपलेला) कार्बन आणतात; आणि जोडणीच्या वेळी पाणी बदललं की फरकही बदलतो, म्हणजे जिथे अचूकता हवी नेमका तिथेच तो सर्वांत डळमळीत. तिसरी चूक म्हणजे लाटांनी जुने शिंपले उकरून नव्या थरात आणून टाकलेले असतात. शक्यतो दोन्ही झडपा (शिंपल्याचे अर्धे भाग) जोडलेल्या, जागच्या जागी मेलेल्या शिंपल्याचीच तारीख घ्यावी; सुटी, घासलेली झडप घेऊ नये. रायन यांनी नंतर स्वतःच पुराची वेळ मागे नेली, ती अशाच नव्या मोजणीनंतर. जुन्या लेखांत 7,150 दिसलं की ती कच्ची कार्बन-वर्षं आहेत हे पाहावं. ती दुरुस्त केली की साडेसात हजारांच्या वर जातात.

प्रश्न : मार्सिलीचा प्रयोग शाळेत करता येईल का?

येईल, आणि अगदी कमी सामानात. 30 सेंटिमीटर लांब, 15 रुंद आणि निदान 20 उंच अशी पारदर्शक टाकी घ्या. मधोमध अ‍ॅक्रिलिकचा पत्रा उभा करून तिन्ही कडा सिलिकॉनने बंद करा आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. पत्र्यात आधीच 8 मिलिमीटरची दोन भोकं पाडलेली हवीत : एक तळापासून 2 सेंटिमीटरवर, दुसरं 13 सेंटिमीटरवर. दोन्ही रबरी बुचांनी बंद करा.

पाणी 15 सेंटिमीटर उंचीचं भरायचं आहे, म्हणजे प्रत्येक कप्प्यात साधारण 3.4 लिटर. वेगळ्या बादलीत तेवढ्या पाण्यात 120 ग्रॅम मीठ विरघळवा, निवळू द्या आणि त्यात लाल रंग घाला. दुसऱ्या बादलीत साध्या पाण्यात निळा. दोन्ही पाणी एकाच तापमानाचं होईपर्यंत थांबा. मग दोन्ही कप्पे बरोबरीने, थोडं थोडं भरा. एकच बाजू आधी भरली तर पत्रा वाकून सिलिकॉन सुटतं.

आधी फक्त खालचं बूच काढा. लाल पाणी तळातून निळ्याकडे जाईल, निळ्याची पातळी चढेल आणि फरक सुमारे 3 मिलिमीटर झाला की प्रवाह थांबेल. या टप्प्यावर पट्टी लावून मोजाच, कारण दाबाचा वरचा सगळा हिशेब इथे डोळ्यांनी दिसतो. आता वरचं बूच काढा. निळं पाणी वरून लाल बाजूला धावेल, पातळीतला फरक कमी होईल आणि खालचा प्रवाह पुन्हा सुरू होईल.

प्रयोग फसतो तो बहुधा मीठ गरम पाण्यात विरघळवून लगेच वापरल्यामुळे. 20 अंशांचं पाणी 40 अंशांवर गेलं की घनमीटरमागे 6 किलोने हलकं होतं, आणि मिठाने आलेला फरक आहे सगळा 25 किलोंचा. चौथा हिस्सा तिथेच गेला. वरच्या भोकात हवेचा बुडबुडा अडकला तरी प्रवाह सुरू होत नाही. पातळ काडीने तो काढा. भोकं मोठी केली तर पाणी घुसळून सगळं जांभळं होतं. काही मिनिटांनी प्रवाह मंदावतो आणि दोन्ही कप्प्यांत लाल-निळ्याची सीमा एकाच उंचीवर येऊन सगळं थांबतं. बॉस्फरस थांबत नाही, कारण एका टोकाला नद्या गोडं पाणी ओततच असतात. टाकीतही प्रवाह चालू ठेवायचा असेल तर निळ्या बाजूला वरून साधं पाणी आणि लाल बाजूला तळाशी मिठाचं पाणी संथपणे सोडत राहा आणि लाल बाजूचं वरचं पाणी काढत राहा.

प्रश्न : असं आणखी कुठे झालं?

बाल्टिक समुद्रात झालं, तिथे गुंता अधिक आहे. डेन्मार्कजवळचे उंबरे फार उथळ आहेत, डार्स 18 मीटर आणि ड्रोग्डेन तर फक्त 7-8 मीटर. शिवाय बर्फाचं ओझं उतरल्यावर स्कँडिनेव्हियाची जमीन स्वतःच वर येत होती. समुद्र आणि जमीन यांच्या शर्यतीत बाल्टिक कधी सरोवर, कधी समुद्र, पुन्हा सरोवर असं होत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी कायमचं जोडलं गेलं. आजही तिथे तळातून सतत धार येत नाही. वारा जुळून आला की खाऱ्या पाण्याचा एखादा लोंढा येतो. डिसेंबर 2014 मध्ये असा मोठा लोंढा आला होता.

तांबड्या समुद्राची गोष्ट उलटी आहे. तिथे नद्या नाहीत आणि वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी वाफ होऊन जातं. म्हणून एडनच्या आखातातून पाणी वरून आत येतं आणि जड खारं पाणी तळातून बाहेर पडतं. बाब-अल-मांदेब या त्याच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीजवळच्या हनीश उंबऱ्याची खोली 137 मीटर. हिमयुगात त्यावर जेमतेम 15 मीटर पाणी उरलं, वाट कोंडली आणि आतली क्षारता किलोला 50 ग्रॅमच्या वर गेली. पाण्यावर तरंगणारे फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म, कवच असलेले एकपेशीय जीव तिथून जवळजवळ नाहीसे झाले. समुद्र चढला, वाट रुंदावली, ते परत आले. या समुद्राची क्षारता उंबऱ्यावरच्या पाण्याच्या खोलीला इतकी बांधलेली आहे की तिथल्या गाळातले प्राणवायूचे समस्थानिक मोजून लाखो वर्षांची समुद्रपातळी काढतात.

प्रश्न : आता समुद्र आणखी मीटरभर चढला तर बॉस्फरसमध्ये काय बदलेल?

उंबऱ्यावर 35 चे 36 मीटर होतील, म्हणजे वाट तीन टक्क्यांनी मोठी. तळातून येणारं खारं पाणी थोडं वाढेल. धरणं आणि सिंचनामुळे नद्यांचं पाणी घटणं याचा परिणाम त्याहून मोठा असू शकतो : निव्वळ 300 घन किलोमीटरमधले 30 कमी झाले तर तो थेट दहा टक्के फरक आहे.